खळं पडलं तर चांगलं: शुक्राणूंचा डीएनए जपायची तीन महिन्यांची रीत

सतरा वर्षं झाली, कोल्हापुरातल्या एका लॅबमध्ये मी वीर्यतपासणी करते. लग्न ठरताना घरच्यांनी सासरी सांगितलं, मुलगी ‘रक्त-लघवी तपासते’. खोटं नव्हतं, निम्मं होतं. उरलेल्या निम्म्याबद्दल आज लिहायला बसले आहे, कारण रिपोर्ट हातात घेऊन खिडकीशी उभा असलेला माणूस दर आठवड्याला तोच प्रश्न विचारतो आणि मागे रांग असते. “ताई, डीएफआय अडतीस आलाय. काय खाऊ?”

डीएफआय म्हणजे शुक्राणूंचा डीएनए किती तुटला आहे तो आकडा. खाण्याचा प्रश्न माझ्या हिशेबात चौथा येतो. त्याआधी तीन गोष्टी आहेत: रिपोर्ट नेमकं काय सांगतो, कॅलेंडर कसं धरायचं आणि शुक्राणूंना कशाची झळ लागते आहे. डॉक्टरांची जागा घ्यायची माझी इच्छा नाही. औषध चालू-बंद करणं त्यांचं काम. मी सूक्ष्मदर्शकाच्या बाजूनं बोलते आहे.

आधी रिपोर्ट

नेहमीच्या तपासणीत आम्ही तीन गोष्टी बघतो: संख्या, हालचाल, आकार. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेत खालची मर्यादा अशी आहे: एका मिलीलिटरमध्ये 1 कोटी 60 लाख शुक्राणू, हालचाल करणारे 42 टक्के, नीट आकाराचे 4 टक्के. हो, शंभरात चार. इथे माणसं घाबरतात, पण निसर्गाचा माल असाच असतो. हे आकडे ज्यांना मुलं झाली अशा पुरुषांच्या नमुन्यांवरूनच काढलेत.

या तिन्हीत डीएनए कुठेच दिसत नाही. शुक्राणू भरपूर, पळतायत झकास, आणि आतली दोरी जागोजागी तुटलेली, असं होऊ शकतं. ती तूट मोजणारी चाचणी वेगळी असते. तिचा आकडा म्हणजे डीएफआय, शंभर शुक्राणूंपैकी किती जणांचा डीएनए तुटला आहे ते. बहुतेक ठिकाणी 15 पर्यंत चांगलं, 15 ते 30 मधलं आणि 30 च्या वर जास्त असं धरतात. पद्धती चार-पाच आहेत आणि एका पद्धतीचा आकडा दुसरीशी जुळत नाही. पुण्याचा रिपोर्ट आणि कोल्हापूरचा रिपोर्ट शेजारी ठेवून ‘सुधारलं की बिघडलं’ ठरवू नका. दोन्ही वेळा तीच लॅब, तीच पद्धत.

ही चाचणी सगळ्यांनी करायची नसते. अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या आणि वंध्यत्वतज्ज्ञांच्या संघटनांनी 2020 मध्ये मिळून सांगितलं की पहिल्याच फेरीत ही करू नये. मात्र बायकोचा गर्भ वारंवार पडत असेल तर नवऱ्याची ही तपासणी करावी. आमच्याकडे उलटंच चालतं. तीन वेळा गर्भपात झालेल्या बाईच्या रिपोर्टांची फाईल हातभर जाड असते आणि नवऱ्याचा एक कागद नसतो.

आमच्याकडची पद्धत सांगते. वीर्याचा थेंब पातळ केलेल्या अॅगरोजमध्ये मिसळायचा. हा समुद्री शेवाळापासून काढतात, चायना ग्रासचा सख्खा नातलग. काचपट्टीवर पसरून फ्रीजमध्ये थिजवायचा. मग सौम्य आम्लात काही मिनिटं, मग शुक्राणूच्या डोक्यातली प्रथिनं विरघळवणारं द्रावण, मग धुणं, वाळवणं, रंग. प्रथिनांची पकड सुटली की धड डीएनएचे वेटोळे मोकळे होऊन बाजूला पसरतात. डोक्याभोवती फिकट गोल दिसतो, अगदी पावसाळी रात्री चंद्राला खळं पडतं तसा. तुटलेल्या डीएनएला खळं पडतच नाही, किंवा पडलं तर चिंचोळं. म्हणजे खळं दिसलं तर चांगलं. शिकाऊ असताना मी हे उलटं समजले होते. खळं म्हणजे काहीतरी बिघाड, असं धरून एक अख्खी पट्टी मोजली आणि 81 टक्के तूट लिहिली. सही करण्याआधी सरांनी पट्टी स्वतः पाहिली म्हणून एका घरातलं रडणं टळलं. तेव्हापासून तीनशे शुक्राणू मोजून झाले की मी पुन्हा पहिल्या रांगेवर येते.

तुटतं कशानं

शुक्राणू म्हणजे लांबच्या प्रवासाला निघालेला, एकच बॅग घेतलेला माणूस. बॅगेत डीएनए इतका ठासून भरलेला असतो की बाकी काही ठेवायला जागा नाही. इतर पेशींत डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो. शुक्राणू तयार होताना बहुतेक हिस्टोन काढून तिथे प्रोटामिन बसतं आणि गाठोडं आणखी आवळलं जातं. हलकं होण्यासाठी पेशीतलं पाणीदार द्रव्यही जवळजवळ सगळं टाकून दिलेलं असतं. त्या द्रव्यातच एरवी पेशीची आग विझवणारी एन्झाइम्स असतात. त्यामुळे तयार शुक्राणूकडे बंब नाही आणि तूट सांधायला गवंडीही नाही. थोडीफार दुरुस्ती होते ती पुढे बीजांडात. बीजांडाची ती ताकदही बाईच्या वयाबरोबर कमी होते.

आग म्हणजे काय? पेशी प्राणवायू वापरते तेव्हा ठिणग्या उडतात. त्यांना फ्री रॅडिकल्स म्हणा. ठिणग्या थोड्या असल्या तर हव्याच असतात. बीजांडात शिरण्यापूर्वी शुक्राणूला जी शेवटची तयारी करावी लागते, ती त्यांच्याशिवाय होत नाही. जास्त झाल्या की आधी शुक्राणूचं आवरण जळतं, कारण ते ज्या स्निग्धाम्लांचं बनलेलं असतं ती चटकन पेट घेणारी, आणि मग डीएनए. अँटिऑक्सिडंट म्हणजे ठिणगी झेलणारी वस्तू: क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व, टोमॅटोतलं लायकोपीन. जस्त आणि सेलेनियम स्वतः ठिणगी झेलत नाहीत, झेलणाऱ्या एन्झाइम्सना लागतात.

आता कॅलेंडर

शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. पुढे अंडकोषामागच्या वेटोळ्या नळीतून यायला आणखी एक-दोन आठवडे. आज तुम्ही दिलेला नमुना तीन महिन्यांपूर्वी पेरलेला आहे. म्हणून आज तंबाखू सोडून पंधरा दिवसांनी पुन्हा तपासणीला येऊ नका. पैसे जातात आणि तोंड उतरतं.

घरातल्या कॅलेंडरवर आजच्या तारखेला गोल करा, पुढे तीन महिने मोजा, तिथे दुसरा गोल. अधल्यामधल्या प्रत्येक तापाची नोंद त्याच पानावर करा. डेंग्यू, चिकुनगुन्या, करोना, साधा फ्लू, काहीही असो. मोठ्या तापानंतर काही आठवडे डीएफआय वर जातो. ते आम्हाला कळलं नाही तर तापाचा आकडा तुमच्या नावावर कायमचा चिकटतो.

आग कुठे लागलीय ते शोधा

माझ्या कामाच्या वर्षांत ज्यांचे आकडे खरोखर खाली आले, त्यांतल्या बहुतेकांनी काही खाल्लं म्हणून नव्हे, काही सोडलं म्हणून आले.

पहिला तंबाखू. राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे आणि आमच्या लॅबच्या जिन्याचे कोपरे लाल आहेत. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या शुक्राणूंत डीएनएची तूट सरासरीनं जास्त असते आणि वीर्यातलं क जीवनसत्त्व कमी. एका हातात व्हिटॅमिनची गोळी आणि दुसऱ्या हातात मावा, हे पन्हाळ्याच्या चढाला ब्रेक दाबून गाडी रेटण्यासारखं आहे.

दुसरी उष्णता. अंडकोष शरीराबाहेर लोंबतात ते उगाच नाही. त्यांना अंगापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागतं. आमच्याकडे शिरोलीच्या फाउंड्रीतले कामगार येतात, हॉटेलच्या भट्टीवरचे येतात, रात्रभर ट्रक चालवणारे येतात. आणि हंगामात गुऱ्हाळातले. एक तरुण आठवतो, कागलकडचा, फेब्रुवारीत आला होता. दिवाळीपासून चुलवाणापुढे बसून चिपाडं सारत होता. डीएफआय 36. मी विचारलं, दिवसाचे किती तास? म्हणाला, “तास कसलं ताई, काहील उतरंस्तवर.” त्याला कुणी कामाबद्दल विचारलंच नव्हतं. पावडरीचे दोन डबे मात्र संपले होते.

काम सोडता येत नाही, हे मला कळतं. पण पाळी बदलून मागता येते. मधे उठून सावलीत दहा मिनिटं जाता येतं. घट्ट जीन्सऐवजी ढगळ सुती पँट, आत सैल चड्डी, मांडीवर लॅपटॉप नाही, कढत पाण्याच्या टबात बसणं नाही. यातलं एकेक किरकोळ आहे, पण फुकट आहे.

तिसरी गोष्ट डॉक्टरांच्या हातची. अंडकोषाच्या वरच्या शिरा फुगतात, त्याला व्हेरिकोसील म्हणतात. साधारण शंभरात पंधरा पुरुषांना असतं आणि मूल न होणाऱ्यांत त्याहून बरंच जास्त. बहुधा डावीकडे. तिथे रक्त साचतं, ऊब वाढते, ठिणग्या वाढतात. उभं राहून हातानं तपासलं की मोठं असेल तर लगेच कळतं. तपासायला दोन मिनिटं लागतात. तरी नऊ-नऊ महिने डबे रिचवलेली माणसं मी पाहिलीत ज्यांना कुणी पँट उतरवून तपासलंच नाही. लाजू नका, स्वतःहून म्हणा: “डॉक्टर, व्हेरिकोसील आहे का ते बघा.” योग्य माणसात त्याचं ऑपरेशन झाल्यावर डीएफआय उतरतो, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. तसंच नमुन्यात पांढऱ्या पेशी जास्त असतील, म्हणजे मिलीलिटरला दहा लाखांवर, तर जंतुसंसर्ग आहे का ते आधी बघावं लागतं. त्या पेशी स्वतःच ठिणग्यांचा कारखाना असतात.

चौथी गोष्ट सांगताना मला अजून खाली बघावं लागतं. ‘साठवून ठेवलं की दाट होतं.’ रक्ताच्या चाळीस थेंबांचा एक थेंब वगैरे ऐकून मोठी झालेली माणसं दहा-दहा दिवस दूर राहतात. साठलेला शुक्राणू त्या वेटोळ्या नळीत पडून राहतो आणि तिथेच त्याला सर्वांत जास्त झळ बसते. एक-दोन दिवसांआड संबंध ठेवले तर संख्या थोडी कमी भरते, पण माल ताजा असतो आणि तूट बहुधा कमी. ज्यांची संख्या मुळात फार कमी आहे त्यांनी मात्र हे डॉक्टरांना विचारून.

तालमीत किंवा जिममध्ये कुणी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन देत असेल तर आजच थांबा आणि डॉक्टरांना खरं सांगा. बाहेरून हार्मोन आलं की शरीर शुक्राणू बनवणं बंद करतं. दंड फुगलेले आणि नमुन्यात शून्य, असे पैलवान मी पाहिलेत.

मग खाणं

1991 मध्ये अमेरिकेत एक छोटा, पण मला फार आवडणारा प्रयोग झाला. दहा पुरुषांचं क जीवनसत्त्व दिवसाला 250 मिलिग्रॅमवरून 5 वर आणलं. वीर्यातलं क जीवनसत्त्व निम्म्यावर आलं आणि शुक्राणूंच्या डीएनएतली ऑक्सिडेशनची इजा जवळजवळ दुप्पट झाली. पुन्हा द्यायला लागल्यावर ती कमी झाली. यातून मी एवढंच घेते, की उपासमार नको. मुळात पोटात पुरेसं जाणाऱ्याला आणखी ओतून फायदा होतो, हे यातून निघत नाही.

आपल्याकडे पुरुषाला रोज 80 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरेसं धरतात. शंभर ग्रॅम पेरूत 200 च्या वर असतं. म्हणजे मीठ-तिखट लावलेला एक मध्यम पेरू, आणि दिवसाचं काम झालं. आवळाही तसाच, पण मोरावळा करताना शिजवून-शिजवून निम्मं घालवू नका. किसून, मीठ लावून, कच्चा खा. लिंबू वरणभातावर पिळायचं, उकळत्या वरणात नव्हे. टोमॅटोचं उलटं आहे. त्यातलं लायकोपीन तेलात शिजवल्यावर अंगी लागतं, म्हणून कोशिंबिरीपेक्षा फोडणीतला टोमॅटो बरा.

सुक्या मेव्याबद्दल स्पेनमध्ये झालेला एक अभ्यास 2018 मध्ये आला. 119 निरोगी तरुणांत एका गटाला चौदा आठवडे रोज 60 ग्रॅम अक्रोड, बदाम आणि हेझलनट दिले. त्यांच्या शुक्राणूंची संख्या, हालचाल सुधारली आणि डीएनएची तूट कमी झाली. पण ती पोरं वंध्यत्वाची नव्हती आणि त्यांचं एरवीचं खाणं पाश्चात्त्य धाटणीचं होतं. रोज मूठभर अक्रोड परवडत असतील तर खा. नसतील तर कर्ज काढू नका. भाजलेले शेंगदाणे आणि सूर्यफुलाच्या बिया ई जीवनसत्त्व देतात, जवसाची आणि तिळाची चटणी चांगली स्निग्धाम्लं देते, रत्नागिरीहून आलेला बांगडा ती आणखी चांगली देतो आणि सेलेनियम वरती. जस्तासाठी मटण, तीळ, हरभरे. तांबडा-पांढरा खायला माझी ना नाही, फक्त त्यासोबत चौथी क्वार्टर नको.

गोळ्यांचं काय

अँटिऑक्सिडंटच्या डब्यांवर पळणाऱ्या शेपटीवाल्या शुक्राणूचं चित्र असतं आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची ओळ. ती ओळ वाचा.

2005 मध्ये इटलीतल्या एका लहान अभ्यासात, 64 पुरुषांत, रोज एक ग्रॅम क आणि एक ग्रॅम ई दोन महिने दिल्यावर तूट 22 टक्क्यांवरून 9 वर आली होती. सगळ्या डब्यांचा धंदा अशा बातम्यांवर उभा आहे. पुढे मोठे अभ्यास झाले. 2020 मध्ये अमेरिकेत 2370 जोडप्यांत पुरुषांना सहा महिने 30 मिलिग्रॅम जस्त आणि 5 मिलिग्रॅम फॉलिक अॅसिड, किंवा नुसती खोटी गोळी दिली. मूल झालेली जोडपी 34 टक्के आणि 35 टक्के. आणि डीएनएची तूट? खऱ्या गोळीवाल्यांत 29.7, खोट्या गोळीवाल्यांत 27.2. गोळी घेणाऱ्यांची किंचित जास्त! त्याच वर्षी 171 जोडप्यांवरचा दुसरा अभ्यास आला. त्यात क, ई, सेलेनियम, कार्निटिन, जस्त, फॉलिक अॅसिड, लायकोपीन असं सगळं एकत्र होतं, म्हणजे बाजारातला डबाच. हालचाल, आकार, डीएनए, कशातच फरक नाही. उलट बाजूचे छोटे अभ्यास आहेत, सगळे मिळून बघणाऱ्यांना थोडा फायदा असेलही असं वाटतं, पण पुरावा कच्चा आहे हेही तेच सांगतात.

जास्तीचा तोटाही आहे. प्रोटामिनचं गाठोडं गंधकाच्या टाक्यांनी शिवलेलं असतं. क जीवनसत्त्वाचा मारा झाला तर ते टाके उसवू शकतात. फ्रान्समध्ये एका गटाला असं दिसलं की जीवनसत्त्वं दिल्यावर तूट कमी झाली, पण गाठोडं सैल पडलं. आग विझवायला गेलो आणि भिंत भिजून फुगली.

तरीही डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर अशी घ्या. एकच डबा. दोन डॉक्टर, एक मेडिकलवाला आणि मेहुणा अशा चौघांच्या गोळ्या एकाच वेळी नकोत. सगळ्या पाकिटांवरचं सेलेनियम कागदावर लिहून बेरीज करा, दिवसाला 400 मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसाबद्दल आधी विचारा. विडी-सिगारेट ओढत असाल तर बीटा कॅरोटीनचे मोठे डोस बिलकुल नकोत. 1994 मध्ये फिनलंडमध्ये त्यानं फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढलेला दिसला होता. आणि तीन महिन्यांनी आकडा हलला नसेल तर ‘अजून एक कोर्स’ म्हणणाऱ्याला विचारा, कशासाठी?

दुसऱ्या गोलाचा दिवस

पहिल्या वेळी तीन दिवस दूर राहून नमुना दिला असेल तर याही वेळी तीनच दिवस. दोन ते सात दिवस चालतात, पण दोन्ही वेळा सारखेच हवेत, नाहीतर तुलना फुकट. शक्यतो लॅबमध्येच द्या. घरून आणायचा तर आम्ही दिलेल्याच डबीत, साबण-तेल-थुंकी न वापरता, तासाच्या आत. पावसात मोटरसायकलच्या डिकीत नव्हे, आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. पहिला थेंब सांडला तर लपवू नका, त्या पहिल्या थेंबांतच सर्वांत जास्त शुक्राणू असतात. फॉर्मवर ‘गेल्या तीन महिन्यांत ताप’ असा रकाना आहे. तो निम्मी माणसं कोरा ठेवतात.

आकडा दोन-चारनं इकडे-तिकडे झाला तर ढोल वाजवू नका आणि रडूही नका, एकाच माणसाचा आकडा एवढा एरवीही हलतो. दहानं उतरला तर काहीतरी खरंच बदललं. तसाच राहिला तर डॉक्टरांकडे पुढचे मार्ग असतात. आयसीएसआयसाठी, म्हणजे एकच शुक्राणू सुईनं बीजांडात सोडायच्या उपचारासाठी, थेट अंडकोषातून शुक्राणू काढणं हा त्यांतला एक, कारण त्या वेटोळ्या नळीत पडून राहण्याआधीचा शुक्राणू कमी तुटलेला असतो.

तो कागलचा तरुण जूनमध्ये आला, भिजत. नमुना शर्टाच्या आत, बनियनला रुमालानं बांधलेला. गुऱ्हाळ मार्चमध्येच बंद झालं होतं, तंबाखू त्यानं होळीला सोडली होती. पावडर बंद. डीएफआय 23. कशानं उतरला, उष्णतेनं की तंबाखूनं, ते मला सांगता येणार नाही. दोन्ही एकदम सुटलं होतं. त्यानं विचारलं, “म्हंजे दिवाळीला परत चुलवाणावर जाऊ न्हवं?” मी म्हटलं, मालकाला दुसरं काम माग. आता तो ढेपा भरायच्या बाजूला असतो. रोजाला पन्नास रुपये कमी मिळतात.